दुहेरी किल्लीची गोळी

विनोदी लेखकाची सारी धडपड एकाच गोष्टीसाठी असते. आपण वाचायला उभं राहावं आणि समोर खसखस पिकावी. आमच्या बँकेच्या स्नेहसंमेलनात मी दरवर्षी एक लेख वाचतो आणि दरवर्षी पहिल्या रांगेतले शाखाधिकारी मनगटावरच्या घड्याळाशी खेळत बसतात. यवतमाळसारख्या कोरडवाहू मुलखात कापूस पिकतो, तूर पिकते, हल्ली सोयाबीन पिकतं; खसखस पिकत नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती. पुढे एकदा कळलं, की खसखस पिकवायला चक्क केंद्र सरकारचा परवाना लागतो. त्या खात्याचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे, आणि विनापरवाना पिकवली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तेव्हा माझ्या लेखांना कुणी हसत नाही ही माझी उणीव नसून कायद्याचं पालन आहे, हे मी सौ.ला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे अनारशांवरची खसखस?"

प्रश्न बिनतोड होता. दिवाळीत अनारसा ज्या पांढऱ्या बियांवर थापला जातो ती खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. बी निरुपद्रवी, बोंडाच्या सालीतला चीक मात्र उपद्रवी, हे एकाच घरातल्या दोन भावांसारखं आहे. एक बँकेत कारकून, दुसरा फरारी. परंतु सौ.चं समाधान होईना. तिनं त्या वर्षीचे अनारसे मोजूनमापून दिले आणि माझ्यावर लक्ष ठेवलं.

माझ्यावर लक्ष ठेवण्याला कारण होतं. २००९ च्या मे महिन्यात मला मुतखडा झाला. आमच्याकडचा उन्हाळा असा, की जो घाम जास्त गाळतो आणि पाणी कमी पितो त्याच्या मूत्रपिंडात मुतखड्याचं चालू खातं आपोआप उघडतं. माझ्या खात्यात बरीच शिल्लक साठलेली असावी. रात्री दोन वाजता मी गुरासारखा ओरडायला लागलो, शेजाऱ्यांनी जीप काढली, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ट्रामाडॉल नावाचं इंजेक्शन टोचलं. दहा-पंधरा मिनिटांत एक चमत्कार घडला. दुखणं होतं तिथंच होतं, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी असावं असं वाटायला लागलं. बाकावर बसून पलीकडच्या काउंटरवरचं भांडण ऐकावं तसं मी ते ऐकत होतो. त्या पंधरा मिनिटांत मी शाखाधिकाऱ्यांना क्षमा केली, ऑडिटरला क्षमा केली, आणि सौ. म्हणते त्याप्रमाणे, सासऱ्यांनाही केली. मग मला भडभडून ओकारी झाली. आणि पुढचे तीन दिवस माझ्या पोटाच्या कचेरीत आवक चालू आणि जावक बंद, अशी स्थिती राहिली.

"हे व्हायचंच," डॉक्टर म्हणाले. "अफूच्याच घराण्यातलं औषध आहे. शेतात उगवलेलं नाही, कारखान्यात जन्मलेलं आहे, पण वळण आजोळचं."

मला भेटायला आलेले मोठेबाबा खाटेच्या पायथ्याशी बसले होते. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. अर्णीजवळच्या आमच्या गावी शेती करणारे. अफूचं नाव ऐकताच ते खुशीत आले. "अबे, त्यात काय एवढं? मी त अफूवरच वाढलो. माह्या मायनं मोहरीएवढी गोळी चाटवली, का मी दिवसभर धुऱ्यावर गप."

चौकशी केली तर गोष्ट खरी निघाली. मोठेबाबांचा जन्म १९४१ चा. त्या काळी बाजाराच्या गावी सरकारी ठेक्याचं अफूचं दुकान असे. आजी निंदणाला किंवा वेचणीला जायची तेव्हा पोराला धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधून त्यात टाकायची. त्याआधी पितळी डबीतली अफू बोटाच्या टोकावर घेऊन त्याच्या टाळूला लावायची. मूल झोपलं की बाईची रोजी पुरी पडायची. ती डबी अजून आमच्या देवघरात आहे. सौ. तीत कापूर ठेवते. मोठेबाबांच्या आधी आजीला एक मुलगी झाली होती. ती एका वेचणीच्या दिवशी झोळीत झोपली आणि संध्याकाळी उठली नाही. दृष्ट लागली, असं आजी शेवटपर्यंत सांगत आली. मोठेबाबा हे सांगताना हसायचे थांबले आणि खिशातून खर्ऱ्याची पुडी काढून बाहेर गेले.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध मॅट्रिकला सुटला आणि औषधशास्त्राशी कधी जुळलाच नाही. पण तीन दिवस जावक बंद असलेल्या माणसाला वाचायला भरपूर वेळ मिळतो. मी अफूच्या मागे लागलो तो तेव्हापासून.

आपल्या जुन्या वैद्यांनी हिला 'अहिफेन' म्हटलं, म्हणजे सापाच्या तोंडचा फेस. खरं तर सापाचा इथं काही संबंध नाही. ग्रीकांचं 'ओपियन' अरबांनी 'अफ्यून' केलं आणि आपण ते संस्कृतात बसवताना त्याला साप डसवला. शार्ङ्गधरसंहितेत हे नाव येतं, चरक-सुश्रुतांत येत नाही. म्हणजे बाई बाहेरून आलेल्या, पण आल्या त्या घर करून राहिल्या.

राजेलोकांनी हिचा उपयोग फार नामी केला. फ्रेंच प्रवासी बर्निये यानं लिहून ठेवलं आहे, की ज्या राजपुत्राचं डोकं उघडपणे उडवणं बरं दिसत नसे त्याला मोगल बादशहा ग्वाल्हेरच्या किल्ल्यात ठेवत आणि रोज सकाळी बोंडं भिजवलेल्या पाण्याचा, म्हणजे 'पोस्ता'चा, प्याला पाजत. तो प्याल्याशिवाय जेवण नाही. माणूस हळूहळू वाळत जाई, बुद्धी मंद होई आणि मरून जाई. दाराशुकोहचा मुलगा सुलेमान शुकोह याला औरंगजेबापुढे उभं केलं तेव्हा त्यानं एकच मागणं मागितलं, की मारायचं तर आत्ता मारा, पोस्त पाजू नका. औरंगजेबानं शब्द दिला, आणि मग ग्वाल्हेरला पाठवून पोस्त पाजला. आज अफूचे परवाने देणाऱ्या खात्याचं मुख्यालय त्याच ग्वाल्हेरला असावं, हा योगायोग मला फार आवडतो. सरकारी कचेऱ्यांना जागेची एक जुनी ओढ असते.

पुढे हाच माळवा शिंदे-होळकरांचा झाला. मंदसोर, नीमच ही अफूची गावं शिंद्यांच्या राज्यात. पानिपताच्या, अटकेच्या गोष्टी आपण पोरांना सांगतो. पण मराठ्यांच्या माळव्यातल्या खेड्यात कुणबी माघात बोंडांना चिरा पाडत होता आणि तो चीक पेटाऱ्यांत भरून मुंबई बंदरातून चीनला जात होता, हे काही कुठल्या पोवाड्यात येत नाही. कंपनी सरकारनं बंगालची अफू स्वतःच्या मक्त्यात ठेवली होती. माळव्याची संस्थानी अफू तिला आवरेना; ती पोर्तुगीजांच्या दमणमार्गे निसटायची. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीनं शहाणपण केलं आणि पेटीमागे जकात घेऊन मुंबईचाच रस्ता खुला केला. पेटी म्हणजे सुमारे १४० पौंड. ज्या मालाला अडवता येत नाही त्यावर कमिशन घ्यावं, हे तत्त्व आमच्या बी.कॉम.च्या पुस्तकात नव्हतं, पण व्यवहारात फार उपयोगी आहे.

मुंबई उभी राहिली ती कापसावर असं आम्ही वऱ्हाडी अभिमानानं सांगतो. ते निम्मं खरं. उरलेल्यातला बराच हिस्सा अफूचा. सर जमशेटजी जीजीभाई यांची दौलत चीनच्या व्यापारातली, त्यात कापूसही आणि अफूही. त्यांच्या देणगीतून १८४५ साली मुंबईला जे रुग्णालय सुरू झालं ते जे. जे. अफूच्या पैशानं दवाखाना बांधला असं नाक मुरडून म्हणणारे आहेत. मी मुरडत नाही. ठेव कुठून आली हे विचारायला आमच्या खात्यानं फॉर्म फार उशिरा छापले.

इकडे विलायतेतल्या धार्मिक मंडळींनी ओरड केली म्हणून १८९३ साली राणी सरकारनं रॉयल कमिशन नेमलं. कमिशन हिंदुस्थानभर फिरलं, शेकडो साक्षी घेतल्या आणि १८९५ साली सात खंडांचा अहवाल देऊन म्हणालं, की विशेष काही बिघडलेलं नाही. साहेब जशी दारू घेतो तसा नेटिव्ह अफू घेतो. जमीनमहसूल आणि मीठ यांच्या पंगतीला बसणारं उत्पन्न असलं की सात खंडांतून दुसरं काय निघणार? पोरांना अफू चाटवतात हेही साक्षींत आलं होतं. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका, म्हणजे रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेल्या आपल्याच बायका, तान्ह्या पोराला 'बाळागोळी' देऊन खोलीत निजवून बारा तासांच्या पाळीला जात. १९२२ साली त्या बायकांची पाहणी झाली तेव्हा त्यांच्या मुलांपैकी ९८ टक्क्यांना अफू दिली जाते असं नोंदवलं गेलं. म्हणजे मुंबईची गिरणी काय आणि अर्णीचा धुरा काय, कापसाच्या दोन्ही टोकांना तीच डबी होती. शेवटी १९५९ सालच्या १ एप्रिलपासून औषधाव्यतिरिक्त अफूची विक्री देशभर बंद झाली. परवान्यावर अफू मिळवणारे काही म्हातारे तेवढे उरले.

आता ही बया शरीरात जाऊन नेमकं करते काय? इथं मला एका जर्मन औषधविक्याच्या मदतनिसाविषयी आपुलकी वाटते, कारण तोही माझ्यासारखाच काउंटरमागे उभा राहणारा. सेर्ट्यूर्नर त्याचं नाव. १८०५ च्या आसपास विशीतल्या या पोरानं अफूतून पांढरे खडे वेगळे काढले आणि झोपेच्या आसपासच्या ग्रीक देवाच्या नावावरून त्याला पुढे मॉर्फिन नाव पडलं. विद्वानांनी लक्ष दिलं नाही, तेव्हा त्यानं स्वतः ते खाल्लं आणि आणखी तीन पोरांना चारलं. चौघे मरता मरता वाचले. व्हिनेगर पिऊन ओकले म्हणून. शोधनिबंध मात्र गाजला. मग १८५३ मध्ये टोचायची सुई आली आणि १८९८ मध्ये एका जर्मन कंपनीनं हेरॉईन हे खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं. मॉर्फिनपेक्षा निर्धोक, अशी त्याची जाहिरात होती. जाहिरातीत 'निर्धोक' हा शब्द दिसला की मी आता दोनदा वाचतो.

पण खरी गंमत कळायला १९७३ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी अमेरिकेतल्या दोन आणि स्वीडनमधल्या एका प्रयोगशाळेनं दाखवून दिलं, की माणसाच्या मज्जासंस्थेत अफूसाठी जणू खास कुलपं बसवलेली आहेत. अफूतलं मॉर्फिन म्हणजे त्याची किल्ली. यावर कुणीही कारकून विचारील, की माळव्यातल्या रोपाची किल्ली लागेल असं कुलूप विधात्यानं माझ्या डोक्यात कशाला बसवलं? शास्त्रज्ञांनीही तेच विचारलं. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या अबर्डीनमध्ये उत्तर मिळालं: मूळ किल्ली शरीरातच तयार होते. डुकरांच्या मेंदूंतून ती काढली आणि खरी की खोटी हे गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर लावून तपासलं. तिच्या भावंडांना मिळून पुढे 'एंडॉर्फिन', म्हणजे आतलं मॉर्फिन, हे नाव रूढ झालं. शर्यतीत धावणाऱ्याला, लढाईत जखमी झालेल्याला काही वेळ दुखणं जाणवत नाही त्यामागे हीच घरची बनावट असते. अफू ही फक्त बाहेरून करून आणलेली नक्कल किल्ली.

घोटाळा असा, की ती एका खोलीची किल्ली नाही, सगळ्या इमारतीची आहे. पाठीच्या कण्यात जिथं दुखण्याचा निरोप वर पाठवला जातो तिथं ती लागते आणि निरोप अडतो. म्हणून मला माझं दुखणं शेजाऱ्याचं वाटलं. मेंदूत जिथं सुख वाटतं तिथंही ती लागते. म्हणून शाखाधिकाऱ्यांना क्षमा. ओकारीच्या जागी लागते. डोळ्याच्या बाहुलीची यंत्रणा तिनं हलते आणि बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. ही खूण यवतमाळच्या डॉक्टरांना वेगळ्या कारणासाठी ठाऊक आहे. फवारणीच्या काही विषांतही बाहुली अशीच बारीक होते, आणि २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणी करता करता शेतकरी-शेतमजूर गेले तेव्हा दवाखान्याच्या खाटाखाटांवर बॅटऱ्या मारून डोळे बघितले जात होते. आतड्यांत तर या कुलपांची रांगच आहे; ती बंद झाली की जावक बंद. लग्नाच्या पंगतीनंतर पोट बिघडल्यावर आपण जी लोपेरामाइडची गोळी बेलाशक घेतो ती याच घराण्यातली. फरक एवढाच, की नेहमीच्या मात्रेत मेंदूच्या दारावरचा पहारेकरी तिला आत शिरू देत नाही, दाराशी आली की परत ढकलतो. म्हणून ती आतडी तेवढी बंद करते आणि सासऱ्यांना क्षमा करायला लावत नाही.

सगळ्यात वाईट खोली मेंदूच्या बुंध्यात आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की तिथं घंटा वाजते आणि आपण श्वास घेतो. अफू ती घंटा मंद करते. मात्रा फार झाली की घंटा वाजतच नाही आणि माणूस झोपेतच श्वास घ्यायचा विसरतो. तान्ह्या मुलाची घंटा मुळातच नाजूक. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून देवघरातल्या डबीकडे बघत बसलो होतो. आता नॅलॉक्सोन नावाचं औषध आहे. ते कुलपात शिरून अफूला बाहेर ढकलतं आणि स्वतः काहीच उघडत नाही. वेळेवर टोचलं तर माणूस उठून बसतो. १९३० च्या दशकात अर्णीच्या धुऱ्यावर ते नव्हतं.

याच घराण्यातली काही औषधं म्हणजे धनादेश आहेत. खोकल्याच्या औषधातलं कोडीन घ्या. ते स्वतः फारसं काही करत नाही. यकृताच्या काउंटरवर ते वटवून त्याचं मॉर्फिन करून घ्यावं लागतं. काही माणसांचा हा काउंटर जन्मतःच बंद असतो. त्यांना कितीही कोडीन द्या, दुखणं हलत नाही आणि डॉक्टरला वाटतं पेशंट ढोंगी आहे. काहींचा कॅशियर इतका तडफदार, की साध्या मात्रेचंही एकदम भारी मॉर्फिन हातात ठेवतो आणि जीव धोक्यात येतो. आणि रोज घेत राहिलं की महागाई सुरू होते; काल दहात मिळत होतं त्याला आज वीस लागतात. एकदम बंद केलं तर शरीर चक्रवाढ व्याजासकट वसुलीला येतं: घाम, थरकाप, जुलाब. महागाई बहुतेक खात्यांना लागते, आतड्यांना मात्र फारशी लागत नाही. बद्धकोष्ठ पहिल्या दिवशी जेवढं तेवढंच वर्षानंही. निसर्गानं एक तरी खातं स्थिर ठेवलं आहे.

तेव्हा सरकार हिला भितं यात गैर काही नाही. १९९६ पासून अमेरिकेत एका कंपनीनं याच घराण्यातली गोळी निर्धोक म्हणून (पुन्हा तो शब्द) खपवली आणि पुढच्या पंचवीस वर्षांत तिकडं लाखांनी माणसं अफूजातीच्या औषधांनी गेली. पण आपल्याकडे उलटं झालं. १९८५ च्या नोव्हेंबरात अमली पदार्थांचा कडक कायदा आला. वाईट हेतूनं नव्हे. हेरॉईनचा सुळसुळाट झाला होता. पण त्यात मॉर्फिनही सापडलं. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, एका खरेदीला चार-पाच परवाने, एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा येत नाही, आणि हिशेबात चूक झाली तर दहा वर्षं. औषधविक्यांनी हात जोडले. जो देश औषधासाठी अफू पिकवून जगाला पुरवतो त्या देशात १९९७ साली मॉर्फिनचा खप किती झाला? अठरा किलो. मी कॅल्क्युलेटर घेतला. दहा मिलिग्रॅमची गोळी धरली तर अठरा लाख गोळ्या. म्हणजे पाचशेहून जास्त माणसांमागे, अख्ख्या वर्षात, एक गोळी. तीनदा हिशेब केला. ताळा जुळत होता. केरळातले डॉक्टर राजगोपाल आणि त्यांच्यासारखी मंडळी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिली, तेव्हा कुठे २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिनसह सहा औषधांना सगळीकडे एकच परवाना पुरेल असं ठरलं.

मोठेबाबा २०१३ च्या जानेवारीत गेले.

खर्ऱ्यानं त्यांचा जबडा धरला होता. २०१२ च्या पावसाळ्यात निदान झालं तेव्हा कापण्यासारखं काही उरलं नव्हतं. गाल आतून फुटला होता, कान ठणकत होता. आधी साध्या गोळ्या दिल्या, मग ट्रामाडॉल. ते एकदोन आठवडे चाललं. नंतर ते रात्रभर खाटेवर बसून असायचे. "बापू," मला म्हणाले, "तोंडात कोनं निखारा ठेवला वाटते. थुकताही येत नाई, गियताही येत नाई." आमच्या गावाकडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता मॉर्फिनच लागेल, ते काही इथं मिळायचं नाही, मोठ्या शहरातल्या अमुक दवाखान्यात मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ सालीच सांगून ठेवलं आहे, की कर्करोगाचं दुखणं तोंडावाटे दिलेल्या मॉर्फिननं, दर चार तासांनी, घड्याळ लावून आवरता येतं. महाग औषध नाही ते. एस.टी.चं भाडं गोळ्यांपेक्षा जास्त होतं.

मी त्या दवाखान्यात पोचलो तो शनिवारी दुपारी एक वाजता. हातात कागद सगळे होते, मी कारकून आहे. औषधविभागातला माणूस सभ्य होता. त्यानं कागद बघितले, मान डोलावली आणि म्हणाला, "गोळ्या आहेत. पण कपाटाला दोन किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे, एक साहेबांकडे. साहेब लग्नाला गेलेत. सोमवारी या."

मला भांडता आलं असतं. सौ. म्हणते मी भांडायला हवं होतं. पण मला तोंडच उघडता येईना. दुहेरी किल्ली ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात आदरणीय वस्तू. आमच्या तिजोरीलाही दोन किल्ल्या. मागच्याच महिन्यात एका म्हाताऱ्यानं, बियाण्याच्या पैशांसाठी आला होता तो, माझ्यापुढे असेच हात जोडले होते आणि मी त्याला याच आवाजात, याच सभ्यपणानं सांगितलं होतं, की एक किल्ली साहेबांकडे आहे, साहेब रजेवर आहेत. मला माझंच वाक्य परत मिळालं होतं, सही-शिक्क्यानिशी.

दोन रात्री मी स्टँडजवळच्या लॉजवर काढल्या. घरी फोन केला तर मोठ्याई म्हणाली, "उशी चावून राह्यले बाप्पा." सोमवारी साडेदहाला दोन्ही किल्ल्या आल्या. रजिस्टर उघडलं. नाव, वय, रोग, किती दिल्या, शिल्लक किती, दोन सह्या. साठ गोळ्या. मोजून घेतल्या, त्यानं एकदा, मी दोनदा. संध्याकाळी मोठ्याईनं गोळी कुटून पाण्यात कालवून चमच्यानं घातली. मी घड्याळ लावून बसलो. पाऊण तासानं मोठेबाबांचे खांदे खाली आले. मग डोळे उघडून त्यांनी मला विचारलं, "कापसाचा भाव काय निंघाला?"

त्यानंतर तीन महिने मी दर दहा दिवसांनी ती वारी करायचो, शनिवार टाळून. मात्रा वाढत गेली, मात्र मोठेबाबा शुद्धीत राहिले, नातवंडांची नावं घेत राहिले. एकदा मी पोटाचं विचारलं तर वेड्यावाकड्या तोंडानं म्हणाले, "आवक आहे, जावक बंद." तीन वर्षांपूर्वीचा माझाच विनोद होता तो. ते हसले, मोठ्याई हसली, पोरं हसली. माझ्या विनोदावर खसखस पिकली ती तेवढी एकदा. बाकी मला अधूनमधून वाटायचं, की १९४१ साली या माणसाला हीच वस्तू न मागता, बिनहिशेबी, बोटावर मिळाली होती आणि आता ती मागायला मी सतरा सह्या गोळा करून हिंडतो आहे. पण ते बोलून दाखवलं नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीसारख्या झोळीतल्या त्या थोरल्या बहिणीचं नाव मग निघालं असतं, आणि तिला नावच ठेवलेलं नव्हतं.

ते गेल्यावर डबीत अकरा गोळ्या उरल्या. घरात ठेवणं बरं नाही, फेकणं बरं नाही. मी त्या दवाखान्यात परत द्यायला गेलो. औषधविभागातल्या माणसानं रजिस्टर उघडलं आणि अडकला. रजिस्टरमध्ये दिल्याचा रकाना होता, परत आल्याचा नव्हता. "असं कुणी आणून देत नाही हो," तो म्हणाला. आम्ही दोघे, आपापल्या खात्यातले जुने जाणते, त्या पानाकडे बघत राहिलो. मग मी म्हटलं, आमच्याकडे उलट नोंद तांबड्या शाईनं करतात. त्यानं तांबडं पेन शोधलं. अकरा लिहिलं, शिल्लक वाढवली, आणि शेऱ्याच्या रकान्यापाशी थांबून विचारलं, "कारण काय टाकू?"

"लिहा, गरज उरली नाही."

त्यानं लिहिलं. साहेब आतून आले, कपाटाला दोन्ही किल्ल्या लावल्या, गोळ्या आत गेल्या. मी सही करून तारीख टाकताना कॅलेंडरकडे बघितलं. शनिवार होता.